मरळीच्या गाठी : प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या काठावर पोचले. रात्री पाऊस झाल्यामुळे गाडी वरच्या रस्त्यालाच लावली आणि चिखल तुडवत खाली उतरले. काका थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून नुकतेच आले होते. रोहू, कटला व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये गेले. मरळी त्यांनी ओल्या गोणपाटाखाली वेगळ्या ठेवल्या होत्या. मरळ हवेतूनही श्वास घेते, पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, त्यामुळे सगळ्या जिवंत मिळाल्या.

एक मरळ उचलून काकांनी शेपटीच्या जरा वर अंगठा फिरवला. "ताई, इथं हात लावून बघा. दाणा लागतो का?" लागला. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढे काहीतरी, दाबले की किंचित सरकणारे. "असली मरळ गिऱ्हाईक परत आणून देतं. किडा आहे म्हणतं. धरणातल्या मरळीत कमी, आमच्या गावतळ्यातल्या मरळीत जास्त."

हे मी गाडीत बसल्याबसल्या वहीत लिहून घेतले. गावतळे आमच्या यादीत नव्हते. आज घातले.

काकांनी विचारले, खाल्ले तर माणसाला काही होते का. गाठीत असते ती परजीवी कृमीची अळी. नीट शिजवलेल्या माशातून काही होत नाही. जपान, कोरियाकडे गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाणाऱ्यांच्या घशात याच कुळातली अळी चिकटल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे कालवण रटरटते तोवर अळी कधीच मेलेली असते. "मग गिऱ्हाइकाला तसं सांगत जाईन," म्हणाले.

४ सप्टेंबर

सहा मरळी उघडल्या, तिघींत गाठी. मांसात सात, आतड्याच्या पडद्यावर दोन, एका मरळीच्या मूत्रपिंडात चार. मूत्रपिंडातल्या बारीक आहेत, बहुधा कोवळ्या असाव्यात.

गाठ सलाइनमध्ये घेऊन सुईने फोडली की आतली अळी घडी उलगडावी तशी पसरते. काकडीच्या बीएवढी, पिवळसर पांढरी. लांब होते, आखडते, पुन्हा लांब होते. पुढच्या टोकाला तोंडाभोवती एक चूषक (चिकटून धरणारी वाटी), पोटावर दुसरा, चांगला ठळक. खालून उजेड दिला की आतड्याच्या दोन नळ्या दिसतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फांद्या फुटलेल्या. त्या फांद्यांवरूनच ही क्लायनोस्टोमम नसून युक्लायनोस्टोमम, एवढे ठरते. त्यापुढे आपल्याकडची पुस्तके एकच नाव सांगतात: युक्लायनोस्टोमम हेटेरोस्टोमम. रुडॉल्फीने १८०९ मध्ये केलेले वर्णन. आफ्रिकेतल्या माशातली अळी असो की आपल्या मरळीतली, दोनशे वर्षे बहुतेकांनी हेच नाव लावले.

तिचे आयुष्य तीन घरांत जाते. बगळ्याच्या घशात मोठा कृमी राहतो, त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी गोगलगाईत शिरते, तिथे एकीच्या असंख्य होतात. त्या बाहेर पडून माशात घुसतात आणि गाठ करून बसतात. तो मासा बगळ्याने गिळला की चक्र पुरे. ओळख पटवणारे बरेचसे अवयव मोठ्या कृमीतच पूर्ण वाढलेले असतात, आणि आपल्या हाताला लागते ती गाठीतली अळी. प्रकल्प उभा आहे तो या अडचणीवर. डीएनए अळीचा आणि मोठ्या कृमीचा एकच असतो, वय वाढले म्हणून बदलत नाही.

सगळ्या अळ्या गरम सलाइनमध्ये टाकल्या म्हणजे आखडायच्या आत सरळ पडतात, मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. प्रत्येक अळीला स्वतंत्र ट्यूब. कोणती मरळ, कोणता अवयव, कोणता दिवस, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी ट्यूबच्या आत.

९ सप्टेंबर

दोन ट्यूबमधल्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या आहेत. घाईत बॉलपेनने लिहिल्या होत्या, अल्कोहोलने शाई धुऊन नेली, पाणी निळसर झाले आहे. अळ्या ठणठणीत, पण कोणत्या माशाच्या ते आता सांगता येणार नाही. दोन्ही अभ्यासातून काढल्या. लॅबमधल्या मामांनी आज बाजारातून शिसपेन्सिलींचा आख्खा डबा आणून टेबलावर ठेवला. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पेन्सिलीने लिहिल्या.

१७ सप्टेंबर

पहिला पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवणे. काल संध्याकाळी प्रत्येक अळीचा तुकडा प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवला होता. सकाळी द्रव नितळ. प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) १९९४ पासून जगभर चालणारे, कोणत्याही अपृष्ठवंशी प्राण्यावर चालतील अशा हेतूने बनवलेले. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जीनचा तुकडा त्यांनी निघतो. डीएनए बारकोड म्हणतात तो हाच.

वाढलेला डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलवर आठपैकी आठ बँड, सरळ रेषेत, झगझगीत. माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोटो पाठवला. त्यांचे उत्तर: "एवढे छान आले की मला काळजी वाटते."

२८ सप्टेंबर

मॅडमची काळजी खरी ठरली. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएची अक्षरे, पुण्याहून आले, जेनबँक या सार्वजनिक संग्रहाशी ताडून पाहिले (ब्लास्ट केले), आठही मरळीचे निघाले. मी दहा दिवस माशाचा डीएनए मोठ्या प्रेमाने वाढवत बसले होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. गाठीचे बाहेरचे आवरण अळीचे नसते. मासा आपल्या ऊतींनी अळीला वेढून टाकतो, ते आवरण माशाचे. मी अळी काढली, पण तिच्या अंगाला आवरणाच्या चिंध्या चिकटलेल्या राहिल्या. त्यात हे सर्वसाधारण प्रायमर चपट्या कृमींच्या सीओआयवर नीट बसत नाहीत आणि माशाच्या जीनवर मात्र बसतात. मग अळीचा डीएनए गप्प आणि चिंधीतला माशाचा डीएनए लाखो पटींनी वाढलेला.

पुढच्या खेपेपासून आवरण दोन सुयांनी पूर्ण सोलायचे, अळी तीन वेळा ताज्या सलाइनमध्ये धुवायची आणि चपट्या कृमींसाठी खास बनवलेले प्रायमर मागवायचे. खर्च वाढणार आहे. इलाज नाही.

५ ऑक्टोबर

गावतळ्यातल्या पाच मरळी. काका म्हणाले होते तसेच, पाचही मरळींत गाठी. तळे लहान, कडेला शेवाळ, दगड उलटला की गोगलगाई, काठावरच्या बाभळींवर वंचक आणि रातबगळ्यांचा मुक्काम. परजीवीला लागणारी तिन्ही घरे शंभर पावलांत. धरणात हेच सगळे आहे, पण मैलोगणती पसरलेले.

या वेळी कामाची पद्धत बदलली. मॅडमनी सांगितले, आख्खी अळी विरघळवायची नाही. कडेचा, तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापायचा, तोही पुढच्या भागातला, कारण जननेंद्रियांची मांडणी मागच्या अर्ध्यात असते. तुकडा डीएनएसाठी. उरलेले शरीर कार्माइनने रंगवून कॅनडा बाल्समखाली कायमच्या स्लाइडवर. दोहोंना एकच क्रमांक. सिक्वेन्सबद्दल उद्या कुणाला शंका आली तर ज्या शरीरातून तो आला ते शरीर दाखवता आले पाहिजे.

पीसीआर अर्ध्यावर असताना वीज गेली. यूपीएसने पंधरा मिनिटे धरून ठेवले आणि मग सोडले. उद्या पुन्हा.

१४ ऑक्टोबर

नव्या प्रायमरचे सिक्वेन्स आले. बँड फिकट होते पण शिखरे स्वच्छ, चार रंगांचे उंचवटे एकमेकांत न गुरफटता. ब्लास्टमध्ये युक्लायनोस्टोमम. लॅबमध्ये मी एकटीच होते, तरी मोठ्याने "आली!" म्हणाले.

दुपारी मात्र पोटात गोळा आला. सिक्वेन्सचे प्रथिनात भाषांतर केले तर मध्येच थांब्याची खूण, पुढे पुन्हा, पुन्हा. चालू जीनमध्ये असे होत नाही. तास-दीड तास मी प्रायमर, मासा, स्वतःचे हात, सगळ्यांवर संशय घेतला. मग लक्षात आले की सॉफ्टवेअरमध्ये भाषांतराचा तक्ता पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा ठेवलेला आहे. मागच्या वर्षी माशांचे बारकोड केले तेव्हापासून तसाच. त्या तक्त्यात एजीए आणि एजीजी म्हणजे थांबा. चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियात तीच अक्षरे सेरीन या अमिनो आम्लाची. एएएचा अर्थही बदलतो, लायसिनऐवजी अ‍ॅस्परजिन. तक्ता क्रमांक ९ निवडला आणि सगळे थांबे नाहीसे झाले, प्रथिन या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

तीच चार अक्षरे, तेच तीन-तीनचे गट, आणि माशाच्या शरीरात एक अर्थ, त्याच माशाच्या मांसात बसलेल्या अळीच्या शरीरात दुसरा. हे पाठ्यपुस्तकात वाचले होते. आज पाहिले.

२२ ऑक्टोबर

सगळे सिक्वेन्स एकाखाली एक लावले. पहिल्याच नजरेत दोन थर दिसतात. एका थरातल्या अळ्यांमध्ये आपापसात दोन-तीन अक्षरांचा फरक. दुसऱ्या थराशी ताडून पाहिले तर पडद्यावरच्या प्रत्येक ओळीत फरक, कुठे चार, कुठे सहा. मधले कुणीच नाही.

आधी वाटले, एक थर धरणाचा, दुसरा गावतळ्याचा. वही काढून जुळवले. तसे नाही. गावतळ्यातल्या एकाच मरळीत दोन्ही थरांच्या अळ्या आहेत.

मग काय? रात्री साडेअकरा वाजता अवयवाचा रकाना पाहिला. मांसातल्या आणि आतड्याच्या पडद्यावरच्या सगळ्या एका थरात, मूत्रपिंडातल्या सगळ्या दुसऱ्यात. सप्टेंबरात मी ज्यांना "कोवळ्या असाव्यात" म्हणून मोकळी झाले होते त्याच या बारीक अळ्या.

मांसातल्यांना गट अ, मूत्रपिंडातल्यांना गट ब म्हणते आहे.

२४ ऑक्टोबर

मॅडमसमोर मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रश्नांची सरबत्ती केली. मूत्रपिंडातल्या अळ्या किती? नऊ. किती माशांतल्या? तीन. एवढ्यावर काय सिद्ध होते? काही नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही, हे त्याच म्हणाल्या.

असे इतरत्र झाले आहे. क्लायनोस्टोमम कॉम्प्लॅनॅटम हे नाव जुन्या जगातल्या आणि अमेरिकेतल्या कृमींना सर्रास लावले जात होते. २०११ मध्ये सीओआय आणि केंद्रकातला आयटीएस या दोन्ही तुकड्यांवरून, आणि मोठ्या कृमीच्या अवयवांवरूनही, युरोपातली जात वेगळी आणि अमेरिकेतली मार्जिनॅटम वेगळी हे पक्के झाले. मोठ्या कॅटफिशच्या वाताशयात राहणाऱ्या आयसोपॅरोर्किस या चपट्या कृमीचेही तसेच. भारतापासून जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत एका नावाखाली मोडणारे ते कृमी २०१४ मध्ये वेगवेगळ्या जातींत विभागले गेले.

आमच्या निरीक्षणाच्या सर्वांत जवळ जाणारे काम कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीचे. तिथल्या माशांतल्या डिप्लोस्टोमम या चपट्या कृमीच्या आणि तिच्या नात्यातल्या अळ्यांचे बारकोड केले तेव्हा दिसले की बऱ्याच अळ्या ठरावीक यजमानालाच धरून राहतात. अनेक जातींच्या माशांत सारख्याच सुखाने राहणाऱ्या अळ्या मात्र डोळ्याच्या भिंगातल्या. भिंगाला रक्तपुरवठा नाही, माशाची प्रतिकारशक्ती तिथे पोचत नाही, म्हणून कोणताही मासा चालतो असा त्याचा अर्थ लावला गेला. अळी शरीरात कुठे बसते हा तपशील तिथे गोष्टीचा गाभा ठरला. मी सप्टेंबरात तो रकाना भरला तो केवळ मॅडमनी सक्ती केली म्हणून.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची शेवटची चर्चा. मॅडम म्हणाल्या, "सीओआय एकट्यावर जाऊ नकोस." मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, बापाची बाजू त्यात दिसत नाही. दोन जातींचा संकर झाला तर मायटोकॉन्ड्रिया एकीचाच दिसेल आणि आपण ठामपणे चूक सांगू.

त्यांनी कॉर्सिकाचे उदाहरण दिले. २०१३ च्या उन्हाळ्यात त्या बेटावरच्या काव्हू नदीत पोहलेल्या माणसांना शिस्टोसोमाची (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीची) लागण झाली, युरोपात, जिथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. डीएनए पाहिला तर माणसातला शिस्टोसोमा हिमॅटोबियम आणि गुराढोरांतला शिस्टोसोमा बोव्हिस यांचा संकर. एकच जीन पाहणाऱ्याला यातली अर्धीच गोष्ट कळली असती.

म्हणून केंद्रकातला आयटीएस-२ सुद्धा करायचा. तो सावकाश बदलतो, नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींत सारखाच असू शकतो. सारखा आला तर निष्कर्ष काढता येणार नाही, वेगळा आला तर आपली बाजू बरीच भक्कम.

१९ नोव्हेंबर

सकाळी काकांचा फोन. "ताई, तळ्याकाठी एक ढोकरी मरून पडलीय. तुम्हाला पाहिजे का?" ढोकरी म्हणजे वंचक, तपकिरी, उडाला की पंख पांढरेशुभ्र.

पाहिजे तर होतीच. पण मेलेल्या पक्ष्यालाही परवानगीशिवाय हात लावायचा नाही. एके काळी असे अभ्यास बंदुकीने होत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि बंद झाला ते उत्तमच झाले. काकांना म्हटले, हात लावू नका, कुत्री येऊ देऊ नका, मी वनविभागाला कळवते. ते दोन तास तिथे काठी घेऊन बसून राहिले.

वनरक्षक आले, पंचनामा झाला, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केले. आमचे परवानगीपत्र आधीपासून तयार होते म्हणून घशातले कृमी आम्हाला मिळाले. चोच उघडून जिभेमागे पाहिले तर अन्ननलिकेच्या तोंडाशी चार, पोटावरच्या चूषकाने घट्ट धरून बसलेले. अळीच्या दुपटीहून मोठे. चिमट्याने ओढले तर फाटतील, म्हणून कोमट सलाइन सोडत राहिलो. दहा मिनिटांनी एकेक करून सुटले. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या त्याच फांद्या, आणि गर्भाशय पिवळ्या अंड्यांनी गच्च भरलेले.

इतके दिवस पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेला कृमी आपल्याच तळ्यावरच्या पक्ष्यात पाहताना माझे हात थोडे थरथरत होते. त्या वंचकाचे वाईटही वाटले.

४ डिसेंबर

सिक्वेन्सची वाट पाहण्याच्या दिवसांत मॅडमनी जुने कपाट उघडायला लावले. तीस-चाळीस वर्षांच्या स्लाइडी, लाकडी खोक्यांत, प्रत्येकीवर झरणीच्या शाईतले रेखीव अक्षर. खालच्या फळीवर फॉर्मॅलिनमधल्या बरण्या. बरण्यांतल्या कृमींतून मी डीएनए काढून पाहिला, दोनदा. जेल कोरे. फॉर्मॅलिन ऊती टिकवते पण डीएनए जखडून, तोडून टाकते. तेव्हा कुणाला हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

एका खोक्यात मांगूरमधले फीतकृमी होते, आठ-दहा वेगवेगळ्या नावांचे. मॅडम बराच वेळ ते खोके मांडीवर घेऊन बसल्या. मांगूरमधल्या अखंड, म्हणजे शरीराचे खंड न पडलेल्या फीतकृमींना निरनिराळ्या अभ्यासकांनी मिळून ५९ नावे दिली होती. बरीचशी आपल्या देशातली. २०११ मध्ये ताजे, नीट सरळ केलेले नमुने गोळा करून सगळ्यांचा फेरविचार झाला तेव्हा जेमतेम ८ टिकली. मेलेल्या माशातून उशिरा काढलेला कृमी सुजतो, थंड द्रवात टाकला की आखडतो, काचेखाली जास्त दाबला की अवयवांची मापे बदलतात. एकाच जातीची ती रूपे वेगवेगळ्या जाती म्हणून छापली गेली.

"आमच्या सरांची नावंही त्यात गेली," मॅडम म्हणाल्या. "पण सरांनी स्लाइडी जपल्या. जपल्या नसत्या तर चूक होती की बरोबर, तेही कुणाला कळलं नसतं."

दाराशी उभे राहून मामा ऐकत होते. त्यांनी खोके उचलून फडक्याने पुसले आणि वरच्या, कोरड्या फळीवर ठेवले.

मला या दिवसाने सावध केले. डीएनए लपलेल्या जाती उघड करतो म्हणून आपण हुरळून जातो, पण त्याच हाताने तो नसलेल्या जाती पुसतो. गट ब मूत्रपिंडात वाढल्यामुळे लहान राहिला, एवढेच निघाले असते तर तेही मला लिहावे लागले असते.

६ डिसेंबर

चहाला मॅडम गिमवीबद्दल बोलल्या. त्यांचे आजोळ गुहागरकडचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तिथला शिस्टोसोमा जगापुढे आणला. टोकाला काटा असलेली अंडी, हिमॅटोबियमसारखी, आणि यजमान म्हणून फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय. आफ्रिकेतला हा परजीवी ज्या गोगलगाईंत वाढतो ती बुलिनस प्रजात आपल्याकडच्या त्या ओढ्यात नव्हती. मग गिमवीतला कृमी खरोखर आफ्रिकेतलाच, की दिसायला तसा असणारा दुसराच कुणी? डीएनएची रचनाच मुळी १९५३ मध्ये उलगडली, त्यांना विचारायला साधन नव्हते. मॅडम म्हणाल्या, लहानपणी त्या ओढ्यांत त्या खेळल्या आहेत, आणि हा प्रश्न त्यांनी मनातून कधी काढला नाही.

१८ जानेवारी

थंडीत मरळी जाळ्यात कमी येतात. तरी गावतळ्यातल्या सात आणि धरणातल्या सहा मिळाल्या. या वेळी आधी ठरवून काम केले: प्रत्येक माशाचे मूत्रपिंड, यकृत, मांस, आतड्याचा पडदा वेगवेगळ्या बशीत, आणि बशीतून ट्यूबमध्ये जाताना अवयवाचे नाव मी मोठ्याने म्हणायचे, मामांनी लिहायचे. डीएनए करताना ट्यूबवर फक्त क्रमांक, म्हणजे कोणती कुठली हे मला काम करताना कळू नये.

धरणाच्या दोन मरळींत मूत्रपिंडातल्या अळ्या सापडल्या. धरणातून गट ब सप्टेंबरनंतर पुन्हा हाती आला.

९ फेब्रुवारी

आयटीएस-२ आला. गट अ आणि गट ब यात थोडीच अक्षरे वेगळी, पण त्याच जागी, प्रत्येक अळीत, धरण असो की तळे. मधले, दोन्हींची अक्षरे मिसळलेले कुणी नाही. एकाच माशात शेजारी शेजारी राहूनही यांचे मिश्रण दिसत नाही.

क्रमांकांची यादी उघडून अवयवांशी जुळवली. मूत्रपिंडातल्या सगळ्या ब. मांसातल्या सगळ्या अ. यकृतात एकच सापडली होती, ती ब निघाली. ती एक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती माझ्या सोप्या नियमात बसत नाही. गट ब मूत्रपिंडातच राहतो असे म्हणता येणार नाही. तिथे जास्त सापडतो, एवढेच.

वंचकाच्या घशातले चारही कृमी गट अ.

म्हणजे मांसातली अळी ते वंचकाच्या घशातला मोठा कृमी हा दुवा आपल्या तळ्यावर जोडला गेला, एकही पक्षी न मारता. गट बचा मोठा कृमी कोणत्या पक्ष्यात आहे ते शोधायचे आहे. रातबगळा असेल, पाणकावळा असेल. बाभळीखालच्या विष्ठेतून अंडी मिळतात का पाहायचे. अंड्यांतही तोच डीएनए आहे.

१५ फेब्रुवारी

मी नव्या जातीच्या नावाची गोष्ट काढली. मॅडमनी नकार दिला. मोठा कृमी हाती नाही, गोगलगाय माहीत नाही, आणि जुने नाव नेमके कुणाचे तेही ठरलेले नाही. रुडॉल्फीने १८०९ मध्ये पाहिलेला कृमी इथला नव्हता. हेटेरोस्टोमम हे नाव कदाचित आपल्या अ गटाचे असेल, बचे असेल, दोन्हींचे नसेल. ते ठरवायला जिथून मूळ वर्णन झाले त्या भागातल्या ताज्या कृमींचे सिक्वेन्स शेजारी ठेवावे लागतील. जेनबँकेतली नावेही ज्याने जमा केली त्याच्या ओळखीइतकीच खरी असतात. एकाने चुकीचे नाव चढवले की पुढचे दहा जण त्याच्याशी जुळले म्हणून तेच नाव चढवतात.

मी थोडी हिरमुसले. पण ५९ आणि ८ हे आकडे त्या कपाटापाशी ऐकल्यावर वाद घालावासा वाटला नाही.

२ मार्च

स्लाइडी पूर्ण. प्रत्येक सिक्वेन्समागे एक स्लाइड, कडेला कणीएवढा तुकडा कापलेली. एकेक करून मोजल्या. गट बमध्ये पोटावरचा चूषक शरीराच्या मानाने लहान आणि आतड्याच्या फांद्या कमी असाव्यात असे दिसते, पण अळ्या कमी आहेत आणि मी मोजण्याआधीच गट जाणते. मॅडमनी क्रमांक झाकून पुन्हा मोजायला एका एमएस्सीच्या मुलीला दिल्या आहेत.

दुपारी काकांकडे गेले, तळ्यातल्या माशांत दोन प्रकारचे किडे निघाले हे सांगायला. ते जाळे विणत होते. मान न उचलता म्हणाले, "एक मांसातला, एक आतला. आतला बारीक असतो. मासा साफ करताना बायका रोज बघतात, त्यांना विचारा."

काकूंना विचारले. त्यांनी विळीवरची मरळ बाजूला ठेवून बोटाने दाखवले, मूत्रपिंड कुठे आणि बारीक गाठी कुठे. आणखी एक सांगितले: पावसाळ्याच्या सुरुवातीला आतल्या गाठी जवळजवळ नसतात, दिवाळीनंतर वाढतात. ही नोंद आमच्याकडे नाही; आम्ही सप्टेंबरच्या आधीचे मासे पाहिलेच नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या काळात मासेमारी बंद, त्यामुळे बंदीच्या काळात थोड्या मरळी घेण्याची परवानगी मागावी लागेल. अर्ज आज रात्री लिहिते आहे. काकूंनी मरळ साफ करताना निघालेल्या सहा बारीक गाठी वाटीत घालून दिल्या. सोलल्या, धुतल्या, ट्यूबमध्ये घातल्या. चिठ्ठीवर पेन्सिलीने: गावतळे, मूत्रपिंड, २ मार्च.